'आन्सर फॉर' कुठे वापरावे आणि कुठे टाळावे

'आन्सर फॉर' या इंग्रजी फ्रेजल व्हर्बचा अर्थ शब्दकोशात 'जबाबदार असणे' असा सापडतो, पण तेवढ्यावर विसंबल्यास वाक्य फसते. त्याला खरा जवळचा मराठी प्रयोग म्हणजे 'जाब देणे'. 'आन्सर'चे जुन्या इंग्रजीतील रूप मुळात आरोपाचे खंडन करण्यासाठी शपथेवर केलेल्या कथनाला वापरले जात असे, आणि तो आरोपाचा वास आजही या प्रयोगाला आहे.

कोल्हापुरातील चपलांचा एखादा व्यापारी परदेशी ग्राहकाला 'वुई विल आन्सर फॉर एनी डिफेक्ट इन द स्टिचिंग' असे लिहितो, तेव्हा शिलाईत दोष निघाल्यास जाब आम्ही देऊ, असे तो कबूल करत असतो. मात्र त्याच्याच दुकानातील दिवाणजींनी 'आय आन्सर फॉर द गोडाउन' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला गोदामात काही तरी काळेबेरे घडल्याची शंका येईल. रोजचे काम सांगायचे असेल, तर 'आय लुक आफ्टर द गोडाउन' किंवा 'आय ॲम इन चार्ज ऑफ द गोडाउन' हेच बरे. लिहिण्यापूर्वी मनातले मराठी वाक्य तपासावे: तिथे 'जाब द्यावा लागेल' बसत असेल तर 'आन्सर फॉर', नुसते 'काम माझ्याकडे आहे' बसत असेल तर नाही.

जाब कशाचा हे 'फॉर' सांगते, तर कोणाला हे 'टू' सांगते. साखर कारखान्याच्या कार्यकारी संचालकांबद्दल 'ही आन्सर्स टू द बोर्ड' म्हणता येते, आणि दोन्ही जोडून 'ही मस्ट आन्सर टू द बोर्ड फॉर द लॉस' असेही लिहिता येते. विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, कारण मराठीत हे काम 'ला' आणि 'चा' हे प्रत्यय गुपचूप करून जातात.

फॉरनंतर व्यक्ती आली की अर्थ बदलतो. 'आय कान्ट आन्सर फॉर माय ब्रदर' म्हणजे भावाच्या वतीने मी बोलू शकत नाही, किंवा त्याची हमी देऊ शकत नाही. हा प्रयोग बहुधा नकारार्थीच आढळतो.

'हॅव अ लॉट टू आन्सर फॉर' हा वाक्प्रचार रागाने वापरतात, तसाच थट्टेनेही. माझ्या वाढलेल्या पोटाकडे पाहून 'कोल्हापुरी मिसळ हॅज अ लॉट टू आन्सर फॉर' असे कोणी म्हटले, तर मला ते मान्यच करावे लागेल.

या क्रियापदाचे दोन शब्द तोडून मध्ये कर्म घालू नये. 'आन्सर फॉर इट' बरोबर आहे. 'आन्सर इट' म्हटले की फोन उचलण्याची किंवा प्रश्नाला उत्तर देण्याची गोष्ट होते. 'आन्सर बॅक'चा तर जबाबदारीशी काहीच संबंध नाही, ते निव्वळ उलट उत्तर करणे आहे.