अ‍ॅडमिनला फोन लावण्याआधी

साइटवर ४०३ (प्रवेश नाकारल्याची एरर) झळकलं की टीममधून एक तरी आवाज येतोच, ‘परमिशनचा लोचा आहे, ७७७ मारून बघ.’ मारू नका. ७७७ म्हणजे वाचायची, लिहायची, चालवायची मुभा सगळ्यांना. ती दिली की खरं कारण झाकलं जातं आणि मूळ परमिशन काय होत्या याचा मागमूसही उरत नाही. त्यात कोणी होम फोल्डरवर तळापर्यंत ७७७ लावलं तर आणखी मजा. इतरांना लिहिता येईल अशा फोल्डरमधल्या कीजवर (लॉगिनच्या डिजिटल किल्ल्यांवर) एसएसएच सर्व्हर, म्हणजे दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम, विश्वास ठेवत नाही, म्हणजे पुढच्या वेळी तुमचं लॉगिनच बंद. म्हणून काहीही बदलण्याआधी आहे ती स्थिती टिपून ठेवायची. एरर जशीच्या तशी, वेळेसकट. ‘काहीतरी परमिशन म्हणतंय’ ही एरर नव्हे.

ही तयारी आपल्याकडे जास्तच लागते, कारण क्लायंट मुंबईच्या बीकेसीत बसून ‘सकाळी लाइव्ह पाहिजे’ म्हणत असतो आणि ज्याच्याकडे सर्व्हरचा रूट (सर्वाधिकार) आहे तो अ‍ॅडमिन नेमका कर्जत लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असतो. त्याला फोनच्या स्क्रीनवर वाचून निदान करता यायला हवं. त्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरं हातात असू द्या: नकार दिला कोणी, मिळाला कोणाला आणि कशावर.

कोणी दिला, हे लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, सांगतो. ४०१ म्हणजे सर्व्हरला तुमची ओळखच पटलेली नाही. ४०३ म्हणजे विनंती समजली, पण परवानगी नाही. एंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ‘१३: परमिशन डिनाइड’ असेल तर नकार ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. तिथेच ‘डिरेक्टरी इंडेक्स ऑफ... इज फॉरबिडन’ असं असेल तर बहुतेक वेळा फोल्डरमध्ये इंडेक्स फाइलच नसते, किंवा साइटच्या मूळ फोल्डरचा पाथ (पत्ता) चुकलेला असतो. त्याला परमिशनचं कुठलंच औषध लागू पडत नाही. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ४०३ आहे पण एरर लॉग कोरा आहे, तर अ‍ॅप्लिकेशनकडे वळा: जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये फॉर्मसोबत येणारं सीएसआरएफ हे सुरक्षा टोकन जुळलं नाही तरी ४०३च येतो. आणि दोन्ही लॉगमध्ये विनंतीच दिसत नसेल तर ती सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, सीडीएन (साइटच्या पुढे उभं असलेलं वितरण नेटवर्क) किंवा फायरवॉलने वाटेत अडवली.

कोणाला, यावर लोक सर्वात जास्त घसरतात. टर्मिनलमध्ये फाइल उघडते, ब्राउझरमध्ये नाही, म्हणून सर्व्हरला शिव्या घालतात. टर्मिनलमध्ये तुम्ही असता, ब्राउझरच्या मागे वेगळाच युजर असतो. उबुंटू-डेबियनवर तो सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रेड हॅटच्या घराण्यात अपाची किंवा एंजिनएक्स. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमचा पूल (प्रोसेसचा गट) आणखी तिसऱ्याच नावाने चालत असू शकतो. तेव्हा पीएस ही कमांड लावून प्रोसेस कोणाच्या नावावर आहे ते बघा आणि सुडोने त्याच युजरच्या नावाने ती फाइल वाचून पाहा. स्वतःसाठी आयडी ही कमांड चालवा, ती तुमचे ग्रुप दाखवते. कालच ग्रुपमध्ये घातलं असेल तर जुन्या सेशनला त्याचा पत्ता नसतो. लॉगआउट करून परत या. व्हीएस कोड या एडिटरच्या रिमोट विंडोतून काम करणाऱ्यांनी तिथला सर्व्हरही बंद करून परत जोडावा, नुसती विंडो मिटून भागत नाही. डॉकर असेल, म्हणजे साइट वेगळ्या कंटेनरमध्ये चालत असेल, तर नावं विसरा, नंबर बघा. नोडच्या अधिकृत इमेजमधला ‘नोड’ हा युजर १००० नंबरचा असतो. होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, तुमचा नंबर १००१ असला तर माउंट केलेल्या (कंटेनरला जोडलेल्या) फोल्डरमध्ये तुम्ही दोघं परके.

कशावर, म्हणजे फक्त ती फाइल नव्हे, तिथपर्यंतचा सगळा पाथ. फ्लॅटची किल्ली खिशात आहे पण सोसायटीच्या गेटवरच अडवलं, तसं होतं. फाइल ६४४, तिचं फोल्डर ७५५, सगळं चोख, आणि वरच्या एखाद्या फोल्डरला एक्झिक्यूट बिट, म्हणजे त्यातून पुढे जायची परवानगी, नाही. नेमआय -एल ही कमांड पाथची एकेक पायरी मालक-ग्रुपसकट दाखवते. तिचं आउटपुट अ‍ॅडमिनला दिलंत तर निम्मं काम झालं. उबुंटूने २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५०, म्हणजे बाहेरच्यांना बंद, केलं, त्यामुळे प्रोजेक्ट होममध्ये ठेवणाऱ्यांची साइट नव्या मशीनवर गेली की बंद पडते. रेड हॅटवर अंक बरोबर असूनही नकार येत असेल तर एसईलिनक्स ही जादा सुरक्षा व्यवस्था चालू आहे का, ते गेटएनफोर्स चालवून बघा. होममधून एमव्ही या कमांडने हलवलेली फाइल एसईलिनक्सचं जुनं लेबल घेऊनच येते, ते रिस्टोरकॉनने सुधारतं. एसईलिनक्स कायमचं बंद करणं हा उपाय नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगू दे.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं दुखणं निराळं. गिटहब प्रायव्हेट रिपॉझिटरीवर (कोडच्या खासगी साठ्यावर) हक्क नसेल तर ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ म्हणतं, आणि लोक यूआरएलमधली स्पेलिंग तपासत बसतात. एसएसएच -टी लावून बघा, गिटहब कोणत्या अकाउंटच्या नावाने हॅलो म्हणतं ते. एकाच लॅपटॉपवर घरचं आणि ऑफिसचं अकाउंट असेल तर उत्तर बहुधा तिथेच आहे. एचटीटीपीएसवर पासवर्ड टाकत असाल तर तो १३ ऑगस्ट २०२१ पासून चालत नाही, टोकन लागतं. ‘ड्युबियस ओनरशिप’ दिसलं तर फोल्डरचा मालक दुसरा आहे, बहुधा कोणीतरी सुडोने क्लोन केलंय. ही तपासणी गिटमध्ये एप्रिल २०२२ मध्ये, २.३५.२ आवृत्तीत आली. मालक नीट करा, सगळ्याच फोल्डरना सुरक्षित ठरवून मोकळे होऊ नका.

डेटाबेसचं थोडक्यात. मायएसक्यूएलचा १०४५ म्हणजे लॉगिनच नाकारलं, १०४४ म्हणजे आत घेतलं पण त्या डेटाबेसला हात लावू दिला नाही. त्याच्या लेखी युजर म्हणजे नाव आणि होस्ट ही जोडी, तेव्हा ॲटच्या पुढचा, म्हणजे होस्टचा, भागही वाचा. पोस्टग्रेस हा डेटाबेस १५ व्या आवृत्तीवर नेल्यावर मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) ‘स्कीमा पब्लिक’वर अडलं तर गोंधळू नका: नव्या डेटाबेसमध्ये पब्लिकवर टेबल बनवायचा सरसकट हक्क त्या आवृत्तीने काढून घेतला.

मग मेसेज लिहा. कोणता सर्व्हर, स्टेजिंग (चाचणीचा) की प्रॉडक्शन (लोकांसाठी चालू असलेला), एररची ओळ, प्रोसेसचा युजर, नेमआयचं आउटपुट, शेवटचा डिप्लॉय कधी आणि त्यानंतर कोणी काय बदललं. स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करा, त्याला शोधता येतो. हक्क मागताना ‘अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस द्या’ असं मागू नका. कोणत्या फोल्डरवर, कोणत्या युजरला, वाचायला की लिहायला आणि कधीपर्यंत, ते सांगा. पाठवण्याआधी मजकुरात पासवर्ड, टोकन किंवा एन्व्ह फाइलची (जिच्यात गुपितं ठेवतात) एखादी ओळ राहिली नाही ना, ते पाहून घ्या. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्लायंटचे लोकही असतात.