गरोदरपणात झोप कधी मोडते ते पाहा, उपाय तिथेच सापडतो

गरोदरपणात 'झोप येत नाही' ही एकच तक्रार नसते. पाठ टेकली की छातीत जळजळ सुरू होते, ही एक. रात्री दोनला पोटरीत वांब येऊन जीव कळवळतो, ही दुसरी. दर दीड तासाने लघवीला उठावं लागतं, ही तिसरी. आणि यातलं काहीच नसताना डोळे मिटून डोकं चालूच राहतं, ही चौथी. चौघींना 'रात्री गरम दूध पी' हा एकच सल्ला मिळतो, आणि जळजळवालीला तो कधी कधी उलटा पडतो.

म्हणून आधी तीन रात्री टिपून ठेवा. वही उशाशी, घड्याळ दूर. सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं: किती वाजता पडलात, कितीदा जाग आली, प्रत्येक वेळी शरीरात काय होत होतं, रात्री काय आणि किती वाजता जेवलात, दुपारी किती झोपलात. बहुतेकींचं कारण चौथ्या दिवशी त्या पानावरच दिसतं.

जळजळ आणि आंबट ढेकर

प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते, आणि शेवटच्या महिन्यांत गर्भाशय जठराला वर ढकलतं. त्यात आपल्याकडे गोव्यात जेवायला साडेनऊ-दहा होतात. नारळाचं दाट हुमण (माशांची आमटी), तळलेलं नुस्तं (मासे), वर भात, आणि अर्ध्या तासात आडवं. स्निग्ध अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं, त्यामुळे ते वर यायला भरपूर वेळ मिळतो.

मासे सोडायची गरज नाही. ते दुपारी जेवा. रात्रीचं जेवण साडेसात-आठपर्यंत उरका: मऊ भात किंवा पेज, मुगाचं वरण, कमी तिखटाची भाजी. झोप आणि जेवण यांत किमान दोन, जमलं तर तीन तास हवेत. सोलकढीने काहींना बरं वाटतं, काहींची जळजळ आमसुलाच्या आंबटपणाने वाढते. वाढत असेल तर तीही दुपारीच घ्या. नंतर भूक लागली तर एक केळं किंवा दोन सुकी बिस्किटं पुरे.

दुसरा उपाय खाटेचा. उशाकडच्या दोन्ही पायांखाली 15 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सहा इंच उंचीचे लाकडी ठोकळे द्या. फरशी गुळगुळीत असेल तर ठोकळ्याखाली रबराचा तुकडा घाला आणि खाट भिंतीला टेकवा, नाहीतर ती सरकते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ठोकळ्यांऐवजी तीन उशा रचणं. उशांमुळे फक्त मान आणि कंबर वाकते, पोट दाबलं जातं आणि जळजळ वाढते. जमिनीवर गादी असेल तर गोधड्यांच्या घड्या गादीच्या खाली, कमरेपासून डोक्यापर्यंत चढत्या रचा. डाव्या कुशीवर आम्ल वर येणं कमी होतं, म्हणून जळजळवालीने आधी तीच कूस धरावी.

कूस

28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपायचं. उताणं पडल्यावर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. डावी कूस बरी म्हणतात, पण उजवीही चालते. मध्येच जाग आली आणि तुम्ही उताण्या आहात असं लक्षात आलं, तर घाबरून रात्रभर जागत बसू नका. कूस बदला आणि झोपा. या एका भीतीने कित्येकींची उरलीसुरली झोप जाते, आणि ते अगदी विनाकारण.

त्यासाठी महागडी लांबलचक उशी लागत नाही. एक उशी गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत दोन्ही पायांच्या मध्ये ठेवा. नुसती गुडघ्यांत ठेवली तर वरचं पाऊल खाली लोंबतं आणि कंबर पिळते. पोटाखाली जुन्या साडीची दोन-तीन बोटं जाड घडी सरकवा, म्हणजे पोटाचा भार ओढत नाही. पाठीशी एक लोड ठेवला की उताणं व्हायला अडचण होते. उठताना सरळ उठून बसू नका: कुशीवरूनच पाय खाटेबाहेर सोडा, हाताने गादी दाबा आणि मग बसा.

लघवी

पाणी तोडू नका. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात तर नाहीच. दिवसभरात दोन-अडीच लिटर प्या, पण त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत. पायांना सूज येत असेल तर संध्याकाळी अर्धा तास कुशीवर पडून पाय उशीवर घ्या. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी तेव्हा रक्तात परततं आणि झोपायच्या आधीच लघवीवाटे जातं. हे केलं नाही तर तेच पाणी मध्यरात्री उठवतं. झोपायच्या आधी लघवी करताना थोडं पुढे वाकून बसा, एक मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करा. रात्री मोठा दिवा लावू नका, पिवळा झिरो बल्ब पुरतो. जुन्या घरात न्हाणी मागच्या बाजूला असते आणि पावसात फरशीवर ओल धरते, तेव्हा पकडीची चप्पल आणि बॅटरी खाटेपाशीच ठेवा. लघवीला जळजळ, ताप किंवा कमरेत एका बाजूला दुखणं असेल तर तो संसर्ग असू शकतो. तपासणी करून घ्या.

वांब आणि पायांची वळवळ

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वांब म्हणजे पोटरीचा स्नायू दगडासारखा होणं. तेव्हा गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढा. हात पोचत नसेल तर टाच भिंतीला लावून ताणा. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून, टाच न उचलता दोन्ही पोटऱ्या अर्धा-अर्धा मिनिट तीनदा ताणल्या की वांब येणं कमी होऊ शकतं. एकाच पोटरीत सतत दुखत असेल, तिथे सूज, लाली किंवा गरमपणा असेल, तर ती चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वळवळ म्हणजे पडल्यावर पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं. त्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासावं का, हे डॉक्टरांना विचारा. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी देतात, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी.

डोकं थांबत नाही तेव्हा

आपल्याकडची दुपारची झोप इथे आडवी येते. पहिल्या तीन महिन्यांत शरीरच ती मागतं, तेव्हा खुशाल घ्या. पण रात्र मोडायला लागली की दुपारी तीनच्या आत, गजर लावून अर्धा तासच. दोन तास झोपून साडेचारला उठलात, तर रात्री अकराला शरीर झोपेला तयार होत नाही. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. जत्रेतलं नाटक बघून रात्री एकला घरी आलात तरीही.

पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर उठा. ओसरीवर किंवा खिडकीपाशी मंद उजेडात बसा, वाती वळा, काहीतरी संथ वाचा. डोळे जड झाले की परत जा. फोन नको. खाटेवर तळमळत राहिलं की मन खाट आणि जागरण यांची सांगड घालतं आणि मग पाठ टेकताच जाग येते. चिंता असतील, पैशाच्या, बाळंतपणाच्या, तर त्या संध्याकाळीच कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे उद्या काय करायचं ते एका ओळीत लिहा. कॅफीन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत हवं; गरोदरपणात ते शरीरात नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकतं, म्हणून चारचा चहा शेवटचा.

खोलीत मच्छरदाणी हवीच. मलेरिया आणि डेंगी गरोदरपणात जास्त धोक्याचे. बंद खोलीत कॉइलचा धूर नको. जाळीत वारा अडतो, म्हणून टेबलपंखा जाळीबाहेर पायथ्याशी ठेवा.

स्वतःहून घेऊ नका

झोपेची गोळी, ॲलर्जीची झोप आणणारी गोळी, अश्वगंधा, यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता नको. जायफळ आपल्या कुळागरातलं (सुपारी-मसाल्यांच्या बागेतलं), म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. खिरीत चिमूटभर चालतं. दुधात उगाळून झोपेचं औषध म्हणून रोज घेऊ नका. सोड्याच्या पावडरीत, मिठात असतं तेच सोडियम फार असतं. जळजळीसाठी दुसरं औषध लिहून घ्या.

सकाळची वाट पाहू नये असं

बाळाची हालचाल कमी वाटली, रक्तस्राव झाला, अंगावरून पाणी गेलं, जोराचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधुक झालं, धाप लागली, तर रात्री कितीही वाजले असोत, निघा. 108 ला फोन करा किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री खाजणं यकृताच्या त्रासाचं लक्षण असू शकतं. दुसऱ्याच दिवशी पित्ताम्लांची (बाइल ॲसिड्सची) रक्ततपासणी करून घ्या. नव्याने मोठं घोरणं सुरू झालं आणि रक्तदाबही वाढतोय, तर तेही सांगा. दोन आठवडे मन खचलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ती नुसती झोपेची तक्रार नाही. पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. स्वतःला इजा करावी असं मनात आलं, तर त्याच क्षणी घरच्या माणसाला उठवा आणि रुग्णालयात जा.

माता-बाल संरक्षण कार्ड, शेवटचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून दाराशी टांगून ठेवा, आणि ती कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवून ठेवा.