पीएचपी: सेशन आयडीत इललीगल कॅरेक्टर्सची वॉर्निंग, अशी गेली

लॉगमध्ये सेशन स्टार्टवर (युजरचं सेशन सुरू करणारं पीएचपीचं फंक्शन) सारखी वॉर्निंग, सेशन आयडी फार लांब किंवा इललीगल कॅरेक्टर्स. सेशन फोल्डरची परमिशन बदलली, जुन्या सेशन फाइल्स उडवल्या, शून्य फरक, डोकं फिरलं. मग कळलं की बॉट सेशन आयडीच्या कुकीत वाट्टेल ते पाठवतायत. हे चाललं, याच क्रमाने: सेशन स्टार्टच्या आधी कुकी स्ट्रिंगच आहे ना बघा (कोणी ॲरेही पाठवतं!), मग प्रेग मॅचने (पॅटर्न तपासणारं फंक्शन) तपासा: फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, कॉमा, डॅश आणि लांबी २२ ते २५६, नाही जुळलं तर कुकी ॲरेमधून अनसेट. मग पीएचपी आयएनआयमध्ये (सेटिंग्जची फाइल) सेशनचा यूज स्ट्रिक्ट मोड (सर्व्हरने स्वतः न दिलेला आयडी नाकारतो) १ करा, डीफॉल्ट ० असतो, आणि सर्व्हर रीस्टार्ट. लॉगिन झाल्यावर आयडी रीजनरेट, म्हणजे नवा बनवा. स्वतःचा सेव्ह हँडलर (सेशन साठवणारा कोड) असेल तर त्यात व्हॅलिडेट आयडी (आयडी खरा आहे का बघणारं फंक्शन) लिहाच, नाहीतर स्ट्रिक्ट मोड नुसता शोभेला.