परिषदेचा पूर्ण खर्च कसा काढायचा: गोव्यातल्या सरकारी दौऱ्यांचा हिशेब

परिषदेवर किती खर्च झाला असं विचारलं की खातं एक आकडा देतं. तो आकडा बहुतेक वेळा खराही असतो, फक्त तो एकाच हिशेबशीर्षाखालचा, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या एकाच सदराखालचा असतो. हॉल आणि जेवण एका शीर्षाखाली जातं, अधिकाऱ्यांची विमानतिकिटं दुसऱ्या, जाहिराती तिसऱ्या, आणि इव्हेंट कंपनीचं मोठं बिल एखाद्या महामंडळाला दिलेल्या अनुदानातून भागवलेलं असतं. कोणीही खोटं न बोलता अर्धा खर्च नजरेआड राहतो. म्हणून शोध नेहमी कार्यक्रमाच्या नावाने आणि तारखेने घ्यायचा. हे माहिती मागणाऱ्या नागरिकाला लागू आहे, तसंच खर्च जाहीर करणाऱ्या कचेरीलाही.

आधी अंदाजपत्रकाची पुस्तकं उघडा

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिण्याआधी एक संध्याकाळ अंदाजपत्रकाला द्या. ते संकेतस्थळावर मिळतं. ज्या खात्याबद्दल विचारायचं आहे त्याची ‘मागणी’ (अंदाजपत्रकातला त्या खात्याच्या खर्चाचा भाग) उघडा आणि शेवटच्या दोन अंकी संकेतांकडे बघा: ११ म्हणजे देशांतर्गत प्रवास, १२ परदेश प्रवास, १३ कार्यालयीन खर्च, २० इतर प्रशासकीय खर्च, २६ जाहिरात व प्रसिद्धी, २८ व्यावसायिक सेवा, ३१ अनुदान, ५० इतर खर्च. परिषदा, चर्चासत्रं आणि पाहुणचार यांची खरी जागा २० मध्ये. प्रत्यक्षात ते १३, २८ आणि ५० मध्येही सापडतात.

२०२५-२६ च्या पुस्तकात २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा मूळ आणि सुधारित अंदाज, आणि २०२५-२६ ची तरतूद असं सगळं एका ओळीत असतं. मूळ आणि सुधारित अंदाजातली उडी टिपून ठेवा. खात्याची माणसं परदेशी मेळ्याला जाऊन आली आणि १२ ची ओळ मात्र शून्य, असं दिसलं तर पैसा दुसऱ्या वाटेने गेला आहे. अशा वेळी ३१ आणि ५० बघा आणि पुढचा अर्ज महामंडळाकडे करा. पर्यटन विकास महामंडळ किंवा एंटरटेनमेंट सोसायटी यांसारख्या संस्था माहिती अधिकार कायद्याखाली येतात. खात्याने ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं कळवलं तरी शोध तिथे थांबत नाही.

गोव्याची एक गोष्ट इथे कामाला येते. बहुतेक राज्यांचे लेखे महालेखापाल कार्यालय तयार करतं. आपल्याकडे ते राज्याचंच लेखा संचालनालय करतं आणि लेखापरीक्षण महालेखापालांकडे असतं. त्यामुळे प्रत्येक बिलाच्या दोन खुणा राहतात: खात्यात बिलाची कार्यालयीन प्रत, टिपणी आणि बिल रजिस्टरातली नोंद, लेखा संचालनालयात पास झालेलं व्हाउचर, क्रमांक व तारखेसह. खात्यातली फाइल ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं तर बिल क्रमांक आणि महिना घेऊन दुसऱ्या दारावर जायचं.

अर्जात प्रश्न विचारू नका, कागद मागा

‘एवढा खर्च का केला?’ या प्रश्नाला माहिती अधिकारी बांधील नाही. कचेरीत असलेला कागद द्यायला तो बांधील आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात हे स्पष्ट केलं: नसलेली माहिती तयार करून देण्याची जबाबदारी कचेरीवर नाही. म्हणून मजकूर असा ठेवा:

‘अमुक परिषद, दिनांक अमुक ते अमुक, या संदर्भात खालील कागदांच्या प्रती द्याव्यात: (१) मंजुरी आदेश व त्यामागची टिपणी, (२) खर्चाचा अंदाज, (३) दरपत्रकं व तुलनात्मक तक्ता, (४) अदा केलेली सर्व बिलं, बिल क्रमांक, व्हाउचर क्रमांक, तारीख व हिशेबशीर्षासह, (५) उपस्थितीपत्रक, (६) या कार्यक्रमासाठी केलेल्या सर्व दौऱ्यांचे मंजूर टूर प्रोग्राम व टीए (प्रवासभत्ता) बिलं, कार्यक्रमाआधीच्या पाहणी दौऱ्यांसह, (७) उचललेली अग्रिम रक्कम व तिच्या समायोजनाचे कागद, (८) दौऱ्यानंतर सादर केलेला अहवाल.’

सहाव्या मुद्द्यातले शेवटचे शब्द वगळू नका. अमेरिकेत जीएसए या सरकारी यंत्रणेने २०१० मध्ये लास व्हेगासला भरवलेल्या परिषदेवर आठ लाख डॉलरहून जास्त खर्च झाला. त्यातला एक लाखाहून जास्त निव्वळ आधीच्या तयारीच्या प्रवासावर गेला होता. चौकशी अहवाल २०१२ मध्ये बाहेर आला आणि त्यानंतर तिथे नियम झाला: एक लाख डॉलरवरच्या परिषदेला वरिष्ठांची मंजुरी हवी आणि तिचा खर्च दरवर्षी संकेतस्थळावर टाकायचा. आपल्याकडेही पाहणी दौरे कार्यक्रमाच्या फाइलमध्ये क्वचितच असतात, मुद्दाम मागितले तरच मिळतात.

अर्जाचं शुल्क १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये. कारण सांगायची गरज नाही. एका अर्जात एकच कार्यक्रम किंवा एकच तिमाही घ्या. ‘गेल्या दहा वर्षांतले सर्व दौरे’ असं लिहिलं की ‘साधनसामग्रीवर ताण पडतो’ हे उत्तर ठरलेलं. कागद खरोखरच ढीगभर असतील तर कचेरीत जाऊन कागदांची पाहणी मागा. समोर बसून रजिस्टर चाळा, हवी ती पानं नोंदवा आणि तेवढ्याच प्रती घ्या. आमच्या मते टीए बिलांसाठी पाहणीच उत्तम, कारण एका बैठकीत वर्षभराची रीत डोळ्यांसमोर येते.

टीए बिल वाचायचं कसं

हे वाचता आलं की निम्मं काम झालं. गोव्यातले सरकारी कर्मचारी केंद्राच्या एफआर-एसआर (मूलभूत व पूरक) सेवानियमांवर चालतात. सातव्या वेतन आयोगानंतरचे मूळ दर केंद्राच्या १३ जुलै २०१७ च्या आदेशात आहेत. वेतनस्तर ९ ते ११ साठी हॉटेलचं भाडं दिवसाला २,२५० रुपयांपर्यंत आणि जेवण ९०० रुपये. स्तर १२ व १३ ला ४,५०० आणि १,०००. स्तर १४ व वर ७,५०० आणि १,२००. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतात, म्हणून दौऱ्याच्या तारखेला खात्याने कोणता आदेश लावला त्याची प्रतही मागा.

जेवणाची रक्कम मुख्यालयाबाहेर किती तास होता यावर ठरते: सहा तासांपेक्षा कमी असेल तर ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के, बारा तासांवर पूर्ण. दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजतात. आता एक बिल घ्या. स्तर १० चा अधिकारी सोमवारी दुपारी २ वाजता पणजीतून दिल्लीला निघाला आणि बुधवारी संध्याकाळी ५ वाजता परतला. सोमवारचे दहा तास म्हणजे ७० टक्के, मंगळवार पूर्ण, बुधवारचे सतरा तास म्हणजे पूर्ण. मूळ दराने ६३० + ९०० + ९०० = २,४३०. बिलात निघण्याची वेळ सकाळी साडेअकरा लिहिली की रक्कम २,७०० होते. फरक २७० रुपयांचाच, पण विमान साडेचारचं असेल तर बिल कोणी तपासलंच नाही हे त्यावरून कळतं. मग मोठ्या रकमाही त्याच नजरेने बघा.

बोर्डिंग पास जरूर बघा. गोव्याला दोन विमानतळ आहेत: दाबोळीचा संकेत जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपा ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. टॅक्सीची पावती मोपाची आणि बोर्डिंग पासवर जीओआय, किंवा सरकारी गाडीच्या लॉगबुकात त्याच दिवशी विमानतळाची फेरी आणि बिलात टॅक्सीचं भाडं, हे लगेच पकडता येतं. लॉगबुक वेगळं मागावं लागतं, ते टीए बिलाला जोडलेलं नसतं.

तिकिटासाठी केंद्राच्या जून २०२२ च्या सूचना मोजपट्टी म्हणून वापरा. बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी याच ठिकाणी आरक्षण करायचं, प्रवासाच्या २१ दिवस आधी करायचा प्रयत्न करायचा, आणि ७२ तासांच्या आत तिकीट काढलं तर कारण लिहून द्यायचं. परिषदेची तारीख दोन महिने आधी ठरलेली आणि तिकीट आदल्या दिवशी काढलेलं असेल तर टिपणीत कारण शोधा. कारण कोरं असेल तर तिथे बोट ठेवा.

कामाच्या ठिकाणापासून आठ किलोमीटरच्या आतला प्रवास दौरा धरत नाहीत. पणजीहून पर्वरीला सचिवालयात जाणं हा दौरा नव्हे. काणकोणहून पणजीला येणं हा होय. दौऱ्याचं बिल ६० दिवसांत सादर करायचं असतं, अग्रिम घेतलं असेल तर परतल्यावर १५ दिवसांत. यजमानाने जेवण दिलं त्या दिवशी जेवणभत्ता पूर्ण मिळत नाही, म्हणून परिषदेची कार्यक्रमपत्रिका बिलाशेजारी ठेवून वाचा.

आणि एक प्रश्न जो बहुतेक जण विसरतात: पैसे कोणी दिले? परदेशात असताना परदेशी यजमानाचा पाहुणचार स्वीकारायला सरकारी कर्मचारी आणि आमदार दोघांनाही परकीय योगदान कायदा २०१० च्या कलम ६ नुसार केंद्राची पूर्वपरवानगी लागते. ‘सरकारला खर्च शून्य’ असं उत्तर आलं तर ती परवानगी मागा.

परिषदेच्या बिलात कुठे बघायचं

हॉटेलच्या बिलात जेवणाची ताटं ‘किमान हमी’वर लावतात. दोनशे ताटांची हमी दिली आणि नव्वद माणसं आली तरी बिल दोनशेचंच. म्हणून उपस्थितीपत्रकाशिवाय जेवणाचं बिल वाचण्यात अर्थ नाही. दुसरं, हंगाम. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि जूनमध्ये त्याच खोलीचा दर किती बदलतो हे गोंयकाराला सांगायला नको. तारीख कोणी आणि का ठरवली हे टिपणीत हवं. तिसरं, जागा. पणजीत संस्कृती भवन आणि इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाचं सभागृह आहे, मडगाव आणि साखळीला रवींद्र भवन आहे. ती जागा मागितली होती का, नाही तर का नाही, याची एक ओळ फाइलमध्ये असायला हवी. ती नसेल तर पंचतारांकित हॉटेलचं समर्थन लंगडं पडतं.

सर्वांत जास्त गोंधळ एसी बिलात, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट कंटिंजंट किंवा संक्षिप्त बिलात होतो. कार्यक्रमाआधी या बिलावर मोठी रक्कम उचलतात आणि नंतर पावत्यांसह तपशीलवार डीसी (डिटेल्ड कंटिंजंट) बिल द्यायचं असतं. ते येतच नाही, आणि तोवर कागदोपत्री सगळा पैसा खर्च झालेला दिसतो. कॅगच्या राज्य वित्त अहवालात अशा थकीत बिलांची माहिती खातेनिहाय येते. आपलं खातं त्यात आहे का ते बघा आणि अर्जात दोन्ही बिलांचे क्रमांक मागा. मार्चमधल्या कार्यशाळांकडेही असंच बघा: वर्षअखेरची खर्चाची घाई हा वित्तीय शिस्तीचा भंग आहे असं सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्येच म्हटलं आहे.

कचेरीने स्वतःहून काय टाकावं

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार खर्चाचा तपशील न मागता जाहीर करायचा असतो. केंद्राने २०१२ मध्ये मंत्री, सहसचिव व वरचे अधिकारी आणि खातेप्रमुख यांच्या दौऱ्यांसाठी रकाने ठरवून दिले: दौऱ्याचं स्वरूप, ठिकाण, कालावधी, पथकातली माणसं आणि एकूण खर्च, दर तिमाहीला अद्ययावत. गोव्यातल्या कोणत्याही कचेरीला हाच तक्ता वापरता येईल. त्यात आणखी तीन रकाने घाला: कार्यक्रमाचा संकेत, हिशेबशीर्ष, आणि पैसे कोणी दिले. डीलिंग हँडने (फाइल हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याने) मंजुरी आदेशावरच कार्यक्रमाचा संकेत लिहावा आणि तोच प्रत्येक टीए बिलावर, हॉटेलच्या बिलावर, जाहिरातीच्या बिलावर उतरवावा. ही एक सवय लागली तर तिमाहीचा तक्ता अर्ध्या तासात होतो. नाही तर दर वेळी सहा रजिस्टरं पुन्हा उघडावी लागतात, आणि म्हणूनच तो तक्ता कधी होत नाही. स्कॅन केलेल्या वाकड्या पीडीएफपेक्षा एक्सेल शीट टाका, लोकांना बेरीज करता आली पाहिजे.

नकार आला तर

‘वैयक्तिक माहिती’ म्हणून कलम ८(१)(जे) पुढे करतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने २०२५ च्या नोव्हेंबरपासून हे कलम आणखी कडक झालं आहे. म्हणून नावाऐवजी पदनामाने माहिती मागा, आणि बँक खातं, पॅन, घरचा पत्ता कलम १० खाली झाकून बाकीचा कागद द्यावा असं अर्जातच लिहा. कलम ८(२) मधला व्यापक जनहिताचा आधार कायम आहे, तोही नमूद करा. इव्हेंट कंपनीच्या बाबतीत ‘व्यापारी गुपित’ सांगितलं तर अदा झालेलं बिल तेवढं मागा. सरकारी तिजोरीतून दिलेल्या रकमेला गुपित म्हणणं टिकत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती फुकट द्यावी लागते. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, ३० दिवसांत. दुसरं पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत. विलंबाचा दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००, आणि तो माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. अपिलात आठ मुद्द्यांचा तक्ता करा: काय मागितलं, काय मिळालं, काय बाकी. त्याच वेळी आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला अतारांकित प्रश्नाचा मसुदा द्या. विधानसभेतल्या उत्तरांना जोडलेली परिशिष्टं पुष्कळदा आरटीआयच्या उत्तरापेक्षा सविस्तर असतात, आणि दोन्ही ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर पुढच्या अपिलाला तोच सर्वांत भक्कम कागद.