डोमेनचा सौदा करताना या चुका टाळा: कुठे गप्प राहायचं, कुठे लगेच बोलायचं

नागपूरच्या इतवारीत कापडाचा भाव पटला नाही की गिऱ्हाईक उठतं, चपलेत पाय घालतं आणि मग दुकानदार हाक मारतो. ईमेलवर तुम्ही उठलात की बसूनच आहात, हे समोरच्याला दिसत नाही. तो फक्त उत्तर यायला किती वेळ लागला ते बघतो. डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, व्यवहारात पैसे जातात ते बहुतेक इथेच, कारण गप्प राहायचं तिथे माणूस बोलतो आणि उत्तर द्यायचं तिथे चार-चार दिवस गायब होतो.

पहिल्याच मेलमध्ये सगळं सांगणे

समजा, धरमपेठेतल्या मिठाईवाल्याला संत्रा बर्फी ऑनलाइन विकायची आहे आणि हवं ते डॉट कॉम दुसऱ्याच्या नावावर आहे. तो कंपनीच्या मेलवरून, खाली शाखांची यादी जोडून लिहितो, "पुढच्या महिन्यात लाँच आहे, हे नाव आम्हाला हवंच." मग भाव काय येणार? असा मेल वैयक्तिक पत्त्यावरून, दोन ओळींत जावा: "नमस्कार. हे डोमेन विकायचं आहे का? असल्यास अपेक्षित किंमत कळवावी." खाली खरं नाव आणि फोन नंबर. आपण कोण हे न सांगणं चालतं. "कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवं आहे" अशी थाप मात्र मारू नका. नंबर सर्च केला की ती पकडली जाते आणि पुढचं बोलणं अविश्वासानेच होतं.

"नावात तसं काही दम नाही" हे वाक्यही टाळा. दम नसता तर तुम्ही लिहिलंच नसतं, एवढं विकणाऱ्याला कळतं.

मालकाचा पत्ता आरडीएपी लुकअपमध्ये (डोमेनच्या नोंदीची ऑनलाइन माहिती) बघा. तो लपवलेला असेल तर रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) संपर्क फॉर्ममधून निरोप पाठवता येतो. त्याआधी तेच नाव डॉट इन किंवा डॉट भारतमध्ये मोकळं असेल तर घेऊन ठेवा. हातात पर्याय असला की गप्प बसणं सोपं जातं.

स्वतःच स्वतःचा भाव पाडणे

विकणाऱ्यांची ही सगळ्यात महागडी चूक. सोमवारी 80,000 सांगितले. बुधवारपर्यंत उत्तर नाही, म्हणून "65 मध्ये बघा". शुक्रवारी "चला, 50 फायनल". समोरच्याने एक शब्द न बोलता 30,000 वाचवले. तो कदाचित भागीदाराला विचारत होता, कदाचित लग्नाला गेला होता.

भाव सांगितल्यावर पाच ते सात दिवस थांबा. मग एकच स्मरणपत्र पाठवा, किंमत न बदलता: "माझा मागचा मेल मिळाला असेलच. काही विचारायचं असल्यास कळवा." त्यानंतर दोन-तीन आठवडे काही नाही. शेवटचा मेल तारखेसह लिहा: "हा भाव 30 तारखेपर्यंत आहे." ती तारीख गेल्यावर तोच भाव पुन्हा द्यायचा असेल तर तारीख घालूच नका. कमी करायचंच असेल तर समोरून आकडा आल्यावर करा.

फोनवर हे आणखी कठीण. आकडा सांगितल्यावर सात-आठ सेकंद शांतता पडली की आपल्या तोंडून आपोआप निघतं, "तसं कमी-जास्त होईल, भाऊ." सौदा तिथेच हलला. आकडा सांगा आणि पाण्याचा घोट घ्या. व्हॉट्सॲपवर गाडी जाणारच असेल तर ब्लू टिक बंद ठेवा. मेसेज बघून दोन दिवस उत्तर न दिल्याचं तिथे दिसतं आणि मनाला लागतं.

चुकीच्या जागी मौन

खरी ऑफर आली की 24 तासांत पोच द्या, भले भाव ठरलेला नसो: "मेल मिळाला, गुरुवारपर्यंत कळवतो." एवढंही न लिहिल्यास घेणारा दुसरं नाव घेऊन मोकळा होतो. होकार दिल्यावर गप्प राहणं त्याहून वाईट. मेलवर ठरलेला व्यवहारही करार ठरू शकतो. 2010 च्या ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला होता. म्हणून विचार पक्का होईपर्यंत "डन" लिहू नका.

घेणाऱ्याचं एक मौन फसवं असतं: "मुदत संपतेय, सुटलं की घेऊ." डॉट कॉमची मुदत संपली तरी रजिस्ट्रारकडे 45 दिवसांपर्यंत नूतनीकरणाची सवलत असू शकते, पुढे 30 दिवस रिडेम्प्शनचे (मालकाने नाव सोडवून घेण्याचे) आणि 5 दिवस हटवण्याआधीचे. यातल्या बहुतेक काळात मालक ते परत घेऊ शकतो, आणि कित्येक रजिस्ट्रार तर मधेच लिलाव करतात.

ट्रेडमार्क असेल तर

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव नोंदवून त्यालाच "घ्या, एवढे द्या" असा मेल पाठवणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा लिहून देणं. डोमेनची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या आयकॅनचं 1999 चं यूडीआरपी हे वाद सोडवण्याचं धोरण आणि डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सीचं तसंच आयएनडीआरपी, दोन्हींत असा हेतू वाईट धरला जातो आणि नाव हातचं जाऊ शकतं. ब्रँडवाल्याचाच मेल आला तर आकडा सांगण्याआधी वकिलाला दाखवा. उलट बाजूनेही, डोमेन तुमच्या ब्रँडच्या आधीचं असेल तर पहिलाच मेल नोटिशीचा नको. मालक बोलणंच बंद करतो.

पैसे आणि ट्रान्सफर

"आधी अमुक साइटवरून किंमतीचं सर्टिफिकेट आणा" म्हणणारा ग्राहक बहुधा ग्राहक नसतोच, सर्टिफिकेटची फी त्याच्याच खिशात जाते. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही, तसं सांगणाऱ्याला ब्लॉक करा.

भाव ठरल्या दिवशी एका मेलमध्ये लिहून घ्या: डोमेनचं अचूक स्पेलिंग, रक्कम, एस्क्रोची (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाची) फी कोणाची, जीएसटीचं काय (सीएला विचारून), शेवटची तारीख. पैसे एस्क्रोत आल्यावरच ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्याचा पासवर्ड) द्या. नव्याने नोंदलेलं किंवा नुकतंच रजिस्ट्रार बदललेलं डॉट कॉम साधारण 60 दिवस दुसरीकडे हलत नाही. काही ठिकाणी मालकाचं नाव बदललं तरी तेच कुलूप लागतं, म्हणून ट्रान्सफरआधी तपशील दुरुस्त करत बसू नका. दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर आतल्या आत खातेबदल बहुधा लवकर होतो. नाहीतर पाचेक दिवस धरा.

तोवर बर्डीवर फ्लेक्स लावू नका, व्हिजिटिंग कार्डही छापू नका. डोमेन आपल्या खात्यात दिसलं की आधी ऑटो रिन्यू आणि टू-स्टेप लॉगिन सुरू करा, मग छापखान्याला फोन.