सिसकंट्रोल टेबलची मेमरी सांभाळताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलमधलं सिसकंट्रोल (sysctl) टेबल, म्हणजे चालू सिस्टिमच्या सेटिंग /proc/sys मध्ये फाइल म्हणून दाखवणारी यादी, दिसायला साधं असतं. प्रत्येक ओळीत फाइलचं नाव, डेटाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता), लांबी, परवानगी आणि हँडलर (फाइल वाचली-लिहिली की चालणारं फंक्शन). तरीही इथे मेमरीच्या चुका वारंवार होतात, कारण टेबल मोकळं करायची जबाबदारी कोणाची हे आधी ठरलेलंच नसतं.

सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक म्हणजे विनाकारण कॉपी. सेटिंग पूर्ण सिस्टिमला एकच असेल, तर स्टॅटिक टेबल थेट रजिस्टर करा. अलोकेशन नाही, म्हणजे फ्री करायलाही काही नाही. कॉपी लागते ती किंमत वेगवेगळी हवी असेल तेव्हा, उदाहरणार्थ प्रत्येक नेटवर्क नेमस्पेससाठी (कंटेनरला मिळणारा नेटवर्कचा वेगळा कप्पा).

कॉपी करणारं कर्नलचं फंक्शन केमेमडप (kmemdup) फक्त ओळी उतरवतं, आतले पॉइंटर जुन्याच जागी राहतात. डेटा पॉइंटर बदलायला विसरलात, तर कंटेनरमध्ये बदललेली किंमत होस्टवरही बदलते. किमान-कमाल मर्यादांचे पॉइंटर फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलकडे कधीच नेऊ नका, फंक्शन संपताच ती जागा गेली. 0 आणि 1 साठी कर्नलमध्ये तयार स्थिरांक आहेत, तेच वापरा.

खरी गफलत टेबल काढून टाकताना होते. आधी केफ्री (kfree, मेमरी मोकळी करणारं फंक्शन) आणि मग अनरजिस्टर केलं, तर त्याच क्षणी फाइल वाचणारा प्रोसेस मोकळ्या झालेल्या मेमरीत शिरतो. अनरजिस्टर चालू वाचक संपेपर्यंत थांबतं, म्हणून केफ्री त्यानंतरच. पण टेबलचा पत्ता हेडरमधून (रजिस्टर केल्यावर मिळणारी नोंद) आधीच काढून ठेवा, कारण अनरजिस्टर केल्यावर हेडरचाही भरवसा नाही. मूळ नेमस्पेस स्टॅटिक टेबल वापरत असेल, तर त्यावर केफ्री अजिबात नको.

रजिस्ट्रेशन फसलं तर नल (रिकामा पॉइंटर) मिळतो, एरर पॉइंटर (एररचा क्रमांक दडवलेला पॉइंटर) नाही. चुकीची तपासणी केली की अपयश लक्षातच येत नाही. फसल्यावर कॉपी मोकळी करायची राहिली, तर ती गळती.

जुन्या कोडमध्ये टेबलच्या शेवटी रिकामी ओळ असायची. आताच्या कर्नलमध्ये आकार वेगळा कळवला जातो, आणि ती रिकामी ओळ राहिली तर नाव नसल्यामुळे रजिस्ट्रेशनच नाकारलं जातं. जुना मॉड्यूल नव्या कर्नलवर आणताना हे पहिल्यांदा तपासा.

चाचणीसाठी केमेमलीक (मेमरीची गळती शोधणारं साधन) आणि कासान (KASAN, मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) चालू ठेवून नेमस्पेस सतत तयार करा आणि काढून टाका, आणि त्याच वेळी दुसऱ्या प्रोसेसमधून त्या फाइली वाचत राहा.