लेझरने फुटणारी कॅप्सूल कशी करायची

आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्टला येणारं प्रत्येक पोर आधी लेझर कुठे आहे ते विचारतं. लेझर शेवटी. आधी सेंट्रिफ्यूजशी, म्हणजे नळ्या गरगर फिरवून कण तळाला बसवणाऱ्या यंत्राशी, मैत्री कर. आपली कॅप्सूल म्हणजे सूक्ष्म पोकळ गोळी: खडूच्या गोळ्यावर थर चढवून भिंत करायची, भिंतीत सोन्याचे नॅनोकण बसवायचे, मग आतला गोळा विरघळवायचा. लेझरने सोनं तापतं आणि भिंत फुटते.

०.३३ मोलर कॅल्शियम क्लोराईड आणि तेवढंच सोडियम कार्बोनेट, एकेक मिली. जोरात ढवळत एकदम मिसळ, ३० सेकंदांनी थांब. दूध दिसेल ते व्हेटराईटचे (कॅल्शियम कार्बोनेटचं एक रूप) सच्छिद्र गोळे, साधारण ३ ते ५ मायक्रॉनचे. एफआयटीसी-डेक्स्ट्रान (चमकणारा रंग जोडलेली लांब साखळीची साखर) आत हवं असेल तर ते आधीच क्लोराईडमध्ये घाल, आणि जड रेणूचंच घे. हलका रंग भिंतीतून गळून जातो. गोळे पाण्यात ठेवून जेवायला जाऊ नकोस. काही तासांत त्यांचं कॅल्साईट, म्हणजे त्याच कार्बोनेटचं दुसरं रूप, होतं; मायक्रोस्कोपखाली चौकोनी खडे दिसले की फेकून दे.

आता थर. पीएएच आणि पीएसएस हे विद्युतभार असलेले दोन पॉलिमर: पीएएच धन, पीएसएस ऋण. दोन्ही २ मिग्रॅ प्रति मिली, अर्धा मोलर मिठाच्या पाण्यात. दहा-पंधरा मिनिटं हलव, हळू फिरवून खाली बसव, तीनदा धू, मग दुसरा. पीएएच, पीएसएस, पीएएच, पीएसएस, पीएएच. झीटा पोटेन्शियलचं, म्हणजे पृष्ठभागावरच्या भाराच्या मापाचं, चिन्ह प्रत्येक थराला उलटलं पाहिजे. उलटलं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग सोनं, आणि इथेच सगळं बिघडतं. सायट्रेटचं आवरण असलेले सोन्याचे नॅनोकण घ्यायचे; हे सोनं ऋण असतं, पीएएचवर आपसूक बसतं. पण ट्यूबमध्ये मीठ किंवा मोकळं पीएएच उरलं असेल तर कण वरच्या पाण्यातच गोळा होऊन निळे पडतात. म्हणून सोन्याआधी धुणं साध्या पाण्याने, तांदूळ धुतल्यासारखं उरकायचं नाही. नीट जमलं तर वरचं पाणी रंगहीन आणि तळ जांभळट. तो जांभळटपणा हवाच: सुटं सोनं ५२० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, भिंतीवर दाटीने बसलेलं अवरक्ताकडे सरकतं, आणि आपलं लेझर ८३० चं आहे.

वरून पीएएच-पीएसएसची एक जोडी. गाभा ०.२ मोलर ईडीटीएने (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) विरघळव, पण पीएच आधी ७ वर आण. डायसोडियम ईडीटीए आम्लधर्मी असतं. तसंच ओतलंस तर कार्बन डायऑक्साईडचे बुडबुडे भिंत फाडतात. यानंतर सोनिकेटर बंद: नॅनोकण असलेली भिंत अल्ट्रासाऊंडने लवकर तुटते.

लेझरखाली सोन्याशिवायच्या कॅप्सूलही ठेव. त्या फुटल्या तर सोनं नव्हे, नुसतं लेझरच फोडतंय; पॉवर कमी कर.